घुंगरं धुतली की आठवड्यात परत काळी, गुलाबी नाहीतर गंजकी : नेमकं कुठे बिघडतं

प्रॉब्लेम सगळ्यांचा एकच असतो आणि दर अरंगेत्रमच्या, म्हणजे नाच शिकणाऱ्यांच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमांच्या, सीझनला तोच ऐकायला येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. घुंगरं धुतली, लख्ख निघाली, गॅलरीत वाळत घातली, आणि आठ-दहा दिवसांत कोणाची काळपट, कोणाची गुलाबी-तांबूस, कोणाच्या फटीतून तपकिरी ओघळ आलेले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाज बद्द. मग परत चिंच, परत घासाघीस, परत तेच. मी इथे बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पितळी पार्टच्या फिनिशिंगचं काम करतो, म्हणजे दिवसभर पितळ धुवायचं आणि वाळवायचं, आणि घरात मुलगी नाच शिकते, त्यामुळे क्लासमधल्या ताया-काकूंच्या पिशव्या आपोआप माझ्याकडे येतात.

माझं म्हणणं आधीच सांगतो. घुंगरू धुण्यात बिघडत नाही, वाळण्यात बिघडतं. आणि त्याला पूजेच्या तांब्यासारखं वागवू नका, कारण तांब्याच्या आत हात जातो, फडकं जातं, घुंगराच्या आत काहीच जात नाही, पाणी मात्र जातं, आणि तिथे एक लोखंडी गोळी बसलेली असते.

म्हणून पहिलं काम, चुंबक आणा. फ्रिजवरचा चालतो. पितळ चुंबकाला चिकटत नाही. एक सुटं घुंगरू घ्या आणि लावून बघा. सगळ्या बाजूंनी अंगच गच्च चिकटलं तर ते पितळेचं नाहीच, लोखंडी पत्र्यावर पितळेचा मुलामा आहे, हल्ली शाळेच्या गॅदरिंगसाठी जी स्वस्तातली मिळतात त्यात असली बरीच असतात, त्यांना लिंबू-चिंच अजिबात लावायची नाही, मुलामा उतरेल आणि खालचं लोखंड गंजेल, ओलसर फडक्याने पुसा, लगेच कोरडी करा, विषय संपला. अंग चिकटत नाही पण आतली गोळी टक्कन चुंबकाच्या बाजूला येऊन बसते आणि हलवलं तरी वाजत नाही, तर आत लोखंडी गोळी आहे. बहुतेकांची हीच केस आणि खाली जे लिहिलंय ते मुख्यतः त्यांच्यासाठी. गोळी जागची हललीच नाही तर ती पितळेची किंवा दुसऱ्या कशाची असणार, तुमचा निम्मा त्रास तिथेच गेला.

आता गुलाबी रंग. यावर मला सगळ्यात जास्त विचारतात आणि दोष नेहमी दुकानदारावर जातो की पितळ भेसळीचं दिलं. तसं नसतं हो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट काहीही लावलं, चिंच, लिंबू, व्हिनेगर, किराण्यात मिळणारी लिंबाची फुलं म्हणजे सायट्रिक ॲसिड, की वरचा काळा थर विरघळतो आणि त्यातलं थोडं तांबं पाण्यात उतरतं. जास्त वेळ ठेवलं की वरच्या थरातलं जस्त आधी निघून जातं आणि मागे तांबं उघडं पडतं, हे गुलाबी होण्याचं एक कारण. पण घुंगरात दुसरं कारण त्याहून जोरात चालतं आणि ते कोणी बघत नाही. त्या आंबट पाण्यात लोखंडी गोळी बुडालेली आहे आणि ती पितळेला टेकलेली आहे. लोखंड पाण्यात विरघळायला लागतं आणि पाण्यातलं तांबं त्याच्या बदल्यात बाहेर येऊन गोळीवर आणि तिला टेकलेल्या पितळेवर बसतं. म्हणजे तुम्ही घरच्या बादलीत तांब्याचं प्लेटिंग करताय, वीज न लावता. सोनारांना हे चांगलं माहीत असतं, ते ॲसिडच्या भांड्यात लोखंडी चिमटा घालू देत नाहीत याच कारणाने. आणि जुनं, दोनदा-तीनदा वापरलेलं निळसर पाणी असेल तर अजून पटकन, कारण त्यात तांबं आधीच भरलेलं. तेव्हा रात्रभर चिंचेच्या पाण्यात भिजत घालायची जी पद्धत आहे ती समईला चालत असेल, घुंगरांना नाही. तारेची घासणी त्याच पाण्यात टाकून ठेवणं, लोखंडी घमेल्यात भिजवणं, हे पण बंद. ॲल्युमिनियमचं पातेलं सुद्धा नको, तेही तसंच वागतं. प्लास्टिकचा टब नाहीतर स्टीलचा चांगला डबा घ्या.

गुलाबी झालेलंच असेल तर परत ॲसिडमध्ये घालून ते जात नाही, उलट वाढतं. थर अगदी पातळ असतो, कोरड्या फडक्यावर जरासं धातूचं पॉलिश किंवा पीतांबरीसारखी पावडर घेऊन एकेक घासली की खालचा पिवळा रंग येतो. कंटाळवाणं काम आहे, दोनशे घुंगरं म्हणजे एक अख्खा रविवार गेला समजा. म्हणून आधीच होऊ देऊ नका.

फटीतून तपकिरी ओघळ आले तर ते पितळेचं काही नाही, आतल्या गोळीचा गंज आहे. हे फक्त आणि फक्त आत राहिलेल्या पाण्याने होतं. बाहेरून घुंगरू तासाभरात सुकल्यासारखं दिसतं, आत थेंब तसाच असतो, कारण फट केवढी आणि हवा जाणार कुठून. त्यात पावसाळ्यातलं बडोदं म्हणजे बघायलाच नको, जुलै-ऑगस्टमध्ये टॉवेल दोन दिवस वाळत नाही तिथे घुंगराचं पोट कसं वाळणार. गोळी गंजली की फुगते, खरखरीत होते, गंजाची पूड आत पसरते, आणि आवाज बद्द होतो. काहीजणी आत शिलाई मशीनचं तेल सोडतात. माझा याला विरोध आहे. तेलावर धूळ आणि गंजाची पूड बसून आत चिखल होतो आणि आवाज अजून बसतो.

काळं पडण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखायला पाहिजेत. पाण्यातून काढतानाच राखाडी-काळपट निघाली तर तुमचं पाणी घाण झालेलं आहे किंवा साबण कमी पडलाय. सुटलेला मळ पाण्यात तरंगत ठेवायचं काम साबणाचं, तो कमी असला की तोच मळ परत पितळेवर जाऊन बसतो. एकाच टबात दोन्ही पायांची सगळी घुंगरं कोंबू नका, दोन-तीन घाण्यात करा आणि पाणी बदला. भांड्यांचं लिक्विड वापरा, कपड्यांची साबणाची वडी नको, वडीचा जड पाण्यात फेस होत नाही, नुसता चिकट साका होतो. दुसरा प्रकार म्हणजे धुताना छान, आणि हळूहळू आठवड्यात काळी. याला तीन कारणं, आंबट पाणी नीट धुतलं गेलं नाही, उघड्या बोटांनी हाताळली, किंवा ठेवली चुकीच्या जागी. घामात मीठ असतं आणि ते पितळेचं शत्रू आहे, बोटाचा ठसा अक्षरशः छापल्यासारखा उमटतो. ताज्या धुतलेल्या पितळेवर तर जास्तच, कारण जुना थर गेलेला असतो आणि पृष्ठभाग उघडा असतो. यासाठीच लिंबू आणि मीठ हे जे घरोघरचं कॉम्बिनेशन आहे ना, त्यातलं मीठ मी काढून टाकायला सांगतो. मिठाने पटकन उजळतं हे खरं, पण ते फटीत राहिलं की आतून खातच राहतं.

पांढरे ठिपके हा सगळ्यात साधा प्रकार. पाण्यातले क्षार. कॉर्पोरेशनचं पाणी, मही नदीतल्या फ्रेंच वेलचं, म्हणजे नदीपात्रातल्या विहिरींचं, नाहीतर आजवा तलावाचं, बऱ्यापैकी चालतं, पण सोसायटीच्या बोअरचं पाणी असेल तर ठिपके पडणारच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे ५०० वालं चांगलं पाणी जरी एक लिटर आटवलं तरी मागे अर्धा ग्रॅम पांढरी पूड उरते. ती पूड थेंब जिथे सुकला तिथे बसते. उपाय एकच, शेवटची विसळणी आरओच्या पाण्याने, किंवा गॅरेजवर बॅटरीसाठी मिळतं त्या डिस्टिल्ड वॉटरने. सगळं धुणं त्यात करायची गरज नाही, फक्त शेवटची बुडी.

दोरीला टेकलेल्या भागावर हिरवं दिसलं तर दोषी दोरी आहे. सुती दोरी घाम पिते, वरून कोरडी वाटते आणि आत ओलीच असते. दोरीसकट घुंगरं धुणं हा उद्योगच चुकीचा आहे. दोरी कापा, टाका, नवीन घ्या, ती स्वस्त आहे. भरतनाट्यमवाल्यांची मात्र चामड्याच्या पट्ट्यावर शिवलेली असतात आणि आपल्या बडोद्यात ती परंपरा जुनी, १८८० मध्ये सयाजीराव महाराजांचं तंजावरच्या राजघराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं तेव्हा त्यांच्याबरोबर तिकडच्या नर्तकी इथे आल्या होत्या, त्यामुळे इथे पट्टेवाल्या पिशव्याही भरपूर येतात. पट्टा पाण्यात घालायचा नाही. उसवायची तयारी असेल तर उसवा, नसेल तर जागेवरच जुन्या टूथब्रशने कोरडं पॉलिश, आणि पट्ट्याला पाणी लागू न देता पुसून घ्या. अर्धवट ओला पट्टा कपाटात ठेवलात तर बुरशी आणि हिरवं दोन्ही एकदम येतं.

अजून एक छोटं. नकाशासारखे डाग आणि त्यांच्यावर लिंबाचा काही परिणामच नाही, तर ते नवीन घुंगरावरचं लॅकर आहे, म्हणजे वार्निश. जिथे उडालंय तिथे काळं, बाकी पिवळं. ते ॲसिटोनने काढावं लागतं, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब, मग पुढचं सगळं.

बरं, आता धुवायचं कसं ते. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड, टबात घुंगरं घालून पाच-सात मिनिटं हाताने खळखळवा, घाण पाणी ओता, परत एकदा. बऱ्याच जणांची एवढ्यातच साफ होतात आणि ॲसिडची गरजच लागत नाही, हे कोणी करून बघत नाही. काळा थर राहिलाच तर एक लिटर पाण्याला एक सपाट चमचा लिंबाची फुलं, त्यात दोन-तीन मिनिटं, हलवत राहायचं, रंग पालटला की लगेच बाहेर, घड्याळ समोर ठेवा आणि फोन घेऊ नका. मग भरपूर साध्या पाण्यात, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात एक बुडी म्हणजे फटीतलं आंबट मरतं, मग परत दोनदा साधं पाणी कारण सोडा राहिला तर तोही पांढरा दिसतो, आणि शेवटी आरओ. हे शेवटचं पाणी कडक गरम घ्या. गरम पाण्यातून निघालेलं पितळ स्वतःच तापलेलं असतं, त्याच्या उष्णतेने आतला थेंब लवकर उडतो. हात भाजेल, चाळणीत घालून बुडवा.

वाळवण्याची पद्धत मी ज्यांच्याकडून उचलली ते लोक नाचाशी काही संबंध नसलेले आहेत. अमेरिकेत नेमबाजीवाले बंदुकीच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करून धुतात आणि त्या परत भरून वापरतात, रिलोडिंग म्हणतात त्याला. आपल्याकडे दारूगोळा बनवायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो त्यामुळे तो विषय आपला नाही, पण धातू पितळच आहे, त्यांचं सत्तर टक्के तांबं तीस टक्के जस्त, आणि अडचण पण तीच, एका बाजूने बंद असलेली पोकळ वस्तू आतून वाळवायची. त्यांच्याकडे एक थेंब राहिला तर आतली दारू भिजते आणि गोळी उडतच नाही, म्हणून ते वाळवण्याला भयंकर जपतात. त्यांचा पहिला नियम, धुवायच्या आधी बुडाचं वापरलेलं प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी बारीक टोपी, काढून टाकायचं, म्हणजे खालचं छिद्र मोकळं होतं आणि पाण्याला वाट मिळते. आपल्याकडे ती वाट म्हणजे फट. घुंगरं ढिगाने पसरली की निम्म्यांच्या फटी वर असतात आणि ती घुंगरं म्हणजे भरलेल्या वाट्याच. म्हणून आधी जुन्या टॉवेलमध्ये सगळी घाला, दोन टोकं धरून दोन्ही बाजूंना जोरात लोळवा, टॉवेल ओला झाला की दुसरा घ्या, आतलं बहुतेक पाणी इथेच बाहेर येतं आणि ही पायरी लोक वगळतात. मग तारेच्या जाळीवर फटी खाली करून मांडा. एकेक मांडायची, हो, दोनशे असली तरी.

मग उष्णता आणि वारा, दोन्ही पाहिजेत. एप्रिल-मेमधलं आपलं ऊन पुरतं, गच्चीवर जाळी ठेवा, दुपारभर राहू द्या. पावसाळ्यात आणि थंडीत टेबलफॅन लावून वर हेअर ड्रायर, किंवा ओव्हन असेल तर ८०-९० डिग्रीवर अर्धा-पाऊण तास, दार किंचित उघडं म्हणजे वाफ निघून जाते. त्यापेक्षा जास्त नको, पितळ तापून रंग बदलतं आणि चिकटवलेलं-झाळलेलं काही असेल तर तेही सुटतं. रिलोडिंगवाले घरच्या ओव्हनला मनाई करतात कारण त्यांच्या पुंगळ्यांवर प्रायमरमधल्या शिशाचा अंश असतो, आपल्याला तेवढं नाही, पण स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नका. मायक्रोवेव्ह सांगायलाच नको. तव्यावर भाजणाऱ्या काकूही भेटल्यात, तेही नको. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा मोबाइलवाला उपाय इथे चालत नाही, तांदळाची पूड फटीत जाते.

वाळलंय का ते कसं कळणार? गार झालेली घुंगरं काचेच्या बरणीत घालून झाकण लावा आणि बरणी तासभर उन्हात ठेवा. काचेवर आतून वाफ धरली तर अजून पाणी आहे, परत जाळीवर.

रिलोडिंगवाल्यांचीच अजून एक पद्धत काहीजण विचारतात, ड्रममध्ये स्टीलच्या बारीक पिना घालून फिरवायचं, किंवा अक्रोडाच्या टरफलांचा भुगा आणि मक्याच्या कणसाचा चुरा. पुंगळीला छान आहे. घुंगराला नाही, कारण पिना फटीतून आत जातात आणि तिथेच राहतात, भुगा पण तसाच अडकतो. आमच्या इंडस्ट्रीत साधा हिशोब आहे, घासणारा खडा एकतर छिद्रापेक्षा चांगला मोठा पाहिजे नाहीतर सहज आत-बाहेर होईल इतका बारीक. कुणीतरी ओळखीच्या वर्कशॉपमधून व्हायब्रेटरमध्ये, म्हणजे खड्यांबरोबर थरथरवून घासणाऱ्या मशीनमध्ये, फिरवून आणतो म्हणाला तर आधी फट मोजायला सांगा. एका पिशवीतली घुंगरं अशी पिना भरून आली होती, आवाज ऐकून गुरूंनी विचारलं म्हणे, हे पैंजण आहे की खुळखुळा.

अमोनियाबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण नुकसान इथे कायमचं होतं. काही मेटल पॉलिशमध्ये आणि काच पुसायच्या लिक्विडमध्ये अमोनिया असतो, वास आला की नाकात झिणझिण्या येतात तो. त्याने पितळ झटकन उजळतं. पण ज्या पितळेत दाबून-ठोकून आकार देताना ताण राहिलाय, त्याला अमोनिया आणि ओलावा एकत्र मिळाला की बारीक चिरा पडतात, कोणी हात न लावता. याचं प्रसिद्ध उदाहरण आपल्या देशातलंच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या फौजेची इथली काडतुसं पावसाळ्यात साठवणीत असतानाच तडकायची, मोसमात तडकतात म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग नाव पडलं. काडतुसं ठेवलेली असायची घोड्यांच्या पागेत, घोड्यांच्या मुतातला अमोनिया हवेत, पावसाची दमट हवा, आणि दाबून बनवलेलं पितळ, तिन्ही एकत्र. याचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला, तोवर आपली काडतुसं फुटतच होती. पत्र्याच्या दोन वाट्या दाबून जोडलेलं घुंगरू म्हणजे त्याच जातीची वस्तू, त्यात ताण भरलेलाच असतो. ओतीव जाड घुंगरांना धोका बराच कमी. तेव्हा अमोनियावालं काहीही लावू नका, आणि घुंगरांची पिशवी बाथरूमच्या किंवा फिनाइल-क्लीनरच्या कपाटात ठेवू नका. फटीच्या टोकापासून निघालेली केसासारखी रेष दिसली तर ते घुंगरू गेलं. झाळून आवाज परत येत नाही.

ठेवण्याचं पटकन सांगतो. रियाझ झाला की कोरड्या सुती फडक्याने पुसा, विशेषतः नवरात्रात, ऑक्टोबरचा उकाडा, मैदानाची धूळ आणि घाम मिळून जे होतं ते धुण्यानेही नीट जात नाही. पुसल्यावर तासभर उघड्यावर, मग सुती पिशवी, त्यात बुटांच्या खोक्यातून निघतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. प्लास्टिकची पिशवी नको, घाम आत कोंडतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने जिथे टेकलं तिथे काळा पट्टा उठतो. वरून पातळ मेण, गाडीच्या पॉलिशचं सुद्धा चालतं, कोरड्या फडक्याने लावून पुसून टाकलं तर काळं पडणं बरंच लांबतं, फटीत मात्र जाऊ द्यायचं नाही.

दोरीत ओवायच्या आधी प्रत्येक घुंगरू कानाशी धरून एकदा हलवा. बद्द वाजलं तर आधी चुंबक फिरवून गोळी सुटी होते का बघा, गंजाने भिंतीला चिकटलेली असते कधी कधी, दोन-चार वेळा ओढून सोडली की मोकळी होते आणि आवाज येतो. नाहीच आला तर ते बाजूला काढा. बदली घुंगरू घेताना आकार आणि वजन दोन्ही जुळवून घ्या, घंटा-घुंगरांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातल्या जलेसरचा माल असला तरी एका लॉटचा दुसऱ्याला जुळेलच असं नाही, आणि दोन-तीन भलतीच घुंगरं मध्ये आली तर त्या पायाचा आवाज वेगळा पडतो. म्हणून नवीन जोड घेतानाच पाच-दहा सुटी जास्तीची मागून घ्या, दुकानदार कुरकुरतो पण देतो.